दिवाळीनंतर शेतात तीस माणसांचा स्वयंपाक चुलीवर करायचा आहे : जळण, जागा आणि बेत यांविषयी सल्ला हवा

प्रश्न – होटगीरोड

नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात सीना नदीपासून थोड्या अंतरावर आमची वडिलोपार्जित जमीन आहे. कार्तिकी एकादशीनंतरच्या शनिवारी पुण्या-मुंबईकडचे चुलते, आत्या आणि भावंडे मिळून तीसेक माणसे तेथे जमणार आहेत, आणि संध्याकाळचा सगळा स्वयंपाक शेतातच, उघड्यावर, लाकडाच्या विस्तवावर करावा असे सर्वांच्या मनात आहे. आमच्या पिढीत गॅसखेरीज दुसऱ्या कशावर रांधण्याची सवय कोणालाच राहिलेली नाही, म्हणून येथील जाणत्यांना विचारून मगच तयारीला लागावे असे ठरवले आहे.

बेत साधाच आहे : ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, येसर आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा, भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणि, कोजागरीला कोणाला येता आले नाही म्हणून, शेवटी मसाला दूध. मुंबईच्या भावंडांनी हुरड्याचीही फर्माईश केली आहे, ती या दिवसांत पुरी होईल का, हेही सांगावे.

बांधावरच्या बाभळीच्या फांद्या ऑगस्टमध्ये छाटल्या होत्या, त्या तेथेच पडून आहेत आणि वरून वाळलेल्या दिसतात. अर्ध्या रानात ज्वारी पेरली आहे, उरलेल्या अर्ध्यातले सोयाबीन काढून त्याची गंज (रचलेला ढीग) लावली आहे. विहिरीजवळ थोडी मुरमाड, उघडी जागा आहे. हे जळण चालेल का, चूल कोठे आणि कशी मांडावी, आणि कोणता पदार्थ आधी, कोणता नंतर करावा, याविषयी मार्गदर्शन करावे.

उत्तर – सीनाकाठ

आपण आधी विचारलेत हे बरे झाले, कारण शरद ऋतूत आपल्या भागात विस्तवाच्या बाबतीत मोठी उलटी स्थिती असते. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही एखादा हिसका देऊन जातो, त्यामुळे लाकूड आतून ओलेच राहते. बांधावरचे गवत मात्र ऑक्टोबरच्या उन्हाने आठ-पंधरा दिवसांत कडकडीत वाळते. जे पेटायला हवे ते पेटत नाही आणि जे पेटू नये ते ठिणगीसरशी पेटते, ही गोष्ट डोक्यात ठेवूनच बाकीचे सगळे ठरवावे.

ऑगस्टमध्ये तोडलेली बाभूळ, मनगटाएवढी जाड असेल तर, केवळ वरून वाळलेली आहे असे समजा. दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहावेत : वाळलेले लाकूड खणखणीत वाजते, ओले असेल तर आवाज बसका येतो. वाळलेल्या ओंडक्याच्या टोकाला मधल्या गाभ्यापासून कडेकडे जाणाऱ्या चिरा दिसतात आणि साल नखाने सुटते. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे एक फांदी उभी फोडून आतला भाग गालाला लावून पाहणे. गार लागला तर ओलावा आहे. अजून वेळ असेल तर सगळ्या फांद्या आजच उभ्या फोडा आणि जमिनीवर न ठेवता पत्र्यावर किंवा दगडांवर मोकळ्या रचून दिवसभर उन्हात राहू द्या, रात्री मात्र ताडपत्री टाका, कारण पहाटे दव पडते. फोडलेले लाकूड अखंड फांदीपेक्षा कितीतरी लवकर वाळते.

बाभळीसारखे जळण दुसरे नाही. ती जड असते, सावकाश जळते आणि तिचा निखारा बराच वेळ टिकतो. वेडी बाभूळही चांगली धगधगते, फक्त तिचे काटे आधी सोलून घ्यावेत, नाहीतर जळण सारताना हाताची चाळण होते. कडुलिंबाचे लाकूड आमटीखाली चालेल, पण त्याचा धूर कडवट असल्याने भरताच्या वांग्यांजवळ ते नको. पेटवणीसाठी गेल्या हंगामातल्या तुराट्या आणि ज्वारीची धसकटे उत्तम, पण उसाचे पाचट वापरू नका, कारण त्याचा भडका क्षणभरच टिकतो आणि जळती पाने वाऱ्याबरोबर उडत जातात. कण्हेर, रुई आणि शेर या तीन झाडांची काडीही चुलीत जाऊ देऊ नये. त्यांचा चीक विषारी असतो, धूर डोळ्यांना व छातीला बाधतो, आणि कण्हेरीच्या काडीने तर पातेलेही ढवळू नये. जुन्या खिडक्या-दारांचे रंग लावलेले लाकूड आणि प्लायवूड यांचेही तेच. रॉकेल शिंपडून पेटवण्याचा मोह आवरावा, कारण त्याचा वास भाकरीला हमखास लागतो. नारळाची वाळकी शेंडी आणि कापराच्या दोन वड्या पुरतात.

गोवऱ्या विकत घेणार असाल तर एक मोडून पाहावी. कटकन मोडली तर घ्यावी, वाकून तुटली तर ती पावसाळ्यातली दमट आहे. मोठ्या स्वयंपाकासाठी आमच्याकडे चर खणतात, हातभर खोल आणि दोन पातेली ओळीने बसतील इतका लांब. तसा आपणही खणावा असे मी सुचवेन, कारण त्यात वाऱ्याचा त्रास होत नाही.

हुरड्याचे मात्र जमणार नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेली ज्वारी हुरड्यावर यायला साधारण तीन महिने लागतात. आपल्या रानातली ज्वारी कार्तिकात गुडघ्याच्या आसपास असेल, कणीस कोठले? गूळभेंडी किंवा सुरती हुरडा खायचा असेल तर पाहुण्यांना डिसेंबर सरतासरता किंवा जानेवारीत पुन्हा बोलवा. आता जे रानात आहे ते खावे : भुईमुगाच्या शेंगा, मक्याची कणसे, रताळी.

उत्तर – चुलीपाशी

सीनाकाठ दादांनी जळणाचे सांगितले, मी स्वयंपाकाचे सांगते. गॅसची सवय असलेली माणसे चुलीवर सर्वांत आधी ढणढणा जाळ करतात आणि त्यावर सगळे शिजवू पाहतात. जाळ हा केवळ पाणी, आमटी आणि तवा तापवण्यासाठी असतो. वांगी, शेंगा, रताळी, भाकरीची शेवटची शेक आणि दूध ही सगळी कामे निखाऱ्याची आहेत. म्हणून पदार्थांचा क्रम बेताप्रमाणे न लावता विस्तवाप्रमाणे लावावा.

साडेचारला विस्तव पेटवा, कारण त्या दिवसांत सूर्य सहाच्या आत मावळतो आणि अंधारात भरताची साल काढणे हे फार कंटाळवाणे काम आहे. पहिला अर्धा तास चुलीवर काहीही न चढवता जाड लाकडे नुसती जळू द्यावीत. त्यांचे निखारे पडू लागले की ते बाजूला ओढून त्यांचा वेगळा आर करावा आणि चुलीत नवी लाकडे सारत राहावे. म्हणजे एका जागी जाळ आणि शेजारी निखारे अशा दोन शेगड्या आपोआप मिळतात.

आरावर आधी वांगी. तीस माणसांना सहा किलो पुरतील, मोठी, हलकी, कमी बियांची घ्यावीत. प्रत्येक वांग्याला तेलाचा हात लावून सुरीने चार-पाच ठिकाणी टोचावे, नाहीतर आतली वाफ कोंडून ते फुटते आणि गर राखेत जातो. देठ काढू नये, तेच धरून फिरवायचे असते. साल सगळीकडून काळी पडून सुटू लागली आणि देठाजवळ दाबल्यावर बोट आत गेले की वांगे झाले. देठाजवळचा भाग सर्वांत शेवटी शिजतो, तोच पाहावा. भाजलेली वांगी झाकणाच्या पातेल्यात दहा मिनिटे कोंडून ठेवली की साल पदरासारखी निघते. साल काढताना वांगी पाण्याखाली धरू नयेत, विस्तवाचा जो वास आपण लाकडे फोडून मिळवला तोच त्यात वाहून जातो, हवे तर बोटे तेवढी पाण्यात बुडवावीत. मग चिरलेला कांदा, निखाऱ्यावरच भाजलेला लसूण, शेंगदाण्याचे कूट, कोथिंबीर, आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी.

येसर घरूनच तयार करून न्यावे. भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले दळलेले असल्याने आमटीला शिजवणे असे फार नसतेच. पाण्याला आधण आले की फोडणीत कालवलेले येसर सोडून, तळाशी धरू नये म्हणून ढवळत, दहा-पंधरा मिनिटे उकळले की आमटी तयार. उघड्यावर ती लवकर आटते, तेव्हा गरम पाण्याचे एक भांडे शेजारी ठेवावे.

भाकरीचा हिशेब आधी करा. माणशी दोन धरल्या तरी साठ भाकरी होतात. सवयीची बाई एका तव्यावर तासाला वीस-पंचवीस भाकरी करते, आपल्या मंडळींना सवय नाही असे आपणच म्हणता. म्हणून माझे मत असे की माणशी एकच गरम भाकरी करावी आणि बाकीची भूक सोलापूरच्या कडक भाकरीवर भागवावी. ती आठवडाभर आधी आणून ठेवली तरी बिघडत नाही, आणि येसर आमटीत चुरून खायला मऊ भाकरीपेक्षा तीच बरी लागते. पीठ मात्र चार दिवसांच्या आत दळलेले हवे. या दिवसांत घरात असलेली ज्वारी फेब्रुवारी-मार्चमधल्या काढणीची, आणि त्यातून पीठ जुने असेल तर त्याला विरी (चिकटपणा) राहत नाही, भाकरी थापताना कडेने फाटते. तशी वेळ आलीच तर उकळते पाणी घालून पीठ भिजवावे आणि जरा जास्त मळावे.

तव्यावर भाकरी टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात सगळीकडे सारखा फिरवावा. कोरडी जागा राहिली तर तेथे ती तडकते. पाणी सुकत आले पण पुरते सुकले नाही, अशा वेळी उलटावी. दुसरी बाजू झाल्यावर तवा उतरवण्याची गरज नाही. चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर भाकरी उभी करून कडेने फिरवत शेकली की टम्म फुगते. ठेचा त्याच तव्यावर करावा. मिरच्या आणि लसूण तेलावर डागाळेपर्यंत परतून, मीठ व शेंगदाणे टाकून, तांब्याच्या बुडाने तव्यातच रगडावा. मिक्सरमधल्या ठेच्याला ती चव नाही, हे मी वाद घालायच्या तयारीनेच लिहिते आहे.

आणि पातेल्यांच्या बुडाला बाहेरून राख कालवून तिचा ओला लेप द्यायला विसरू नका. काजळी लेपावर बसते आणि घासताना लेपासकट निघून जाते.

उत्तर – पार्कचौक

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कोळशाची जाळीची शेगडी न्यावी आणि आमटीपुरता एक लहान सिलिंडर गाडीत ठेवावा, असे माझे नम्र मत आहे. पाऊस आला तर काय करणार?

उत्तर – निवृत्त_मास्तर

पार्कचौक यांची पावसाची शंका रास्त आहे, सिलिंडरचा तोडगा मात्र प्रश्नकर्त्याच्या मूळ इच्छेलाच छेद देतो. पत्र्याचे किंवा जाड ताडपत्रीचे उंच छप्पर आणि कोरड्या जळणाचा झाकलेला साठा एवढी तयारी पुरेशी आहे. मात्र ढग गडगडू लागले तर झाडाखाली न थांबता सरळ पक्क्या घरात जावे, कारण परतीच्या पावसात आपल्याकडे विजा पडतात.

मला सीनाकाठ यांच्या चराविषयी वेगळे सांगायचे आहे. काळ्या रानात रब्बीची ज्वारी वाढते ती मुख्यतः पावसाळ्यात जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर. म्हणजेच कार्तिकात वरची माती भेगाळलेली दिसली तरी हातभर खाली ती ओलसर असते. अशा चरात विस्तव पेटवला तर पहिला बराच वेळ उष्णता तळाची आणि बाजूंची ओल वाळवण्यात जाते आणि धूर होतो. शिवाय भेगांमध्ये निखारा पडला तर तो आत कोठे धुमसत राहिला हे कळतही नाही. म्हणून विहिरीजवळची मुरमाड जागाच योग्य. तेथे जमिनीवर विटांचा एक थर अंथरून त्यावर दोन समांतर भिंती रचाव्यात. दोन विटा एकावर एक आडव्या ठेवल्या की सुमारे १५ सेंटिमीटर उंची मिळते, तेवढीच हवी. पातेले याहून वर गेले तर ज्वाळा बुडाला नीट लागत नाही आणि उष्णता कडेने निघून जाते, फार खाली आले तर हवा कोंडून लाकूड धुमसते. वारा कार्तिकात बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो. चुलीचे तोंड त्या बाजूला ठेवावे, आणि तो जोराचा असेल तर समोर एक आडवा पत्रा लावून आत जाणारी हवा कमी-जास्त करता येते.

दगडांची चूल मांडायची असेल तर सीनेच्या पात्रातून उचललेले गोटे वापरू नयेत. आपला दगड काळा बेसाल्ट, त्यात बारीक छिद्रे आणि चिरा असतात आणि पाण्यात राहिलेल्या दगडात तेथे पाणी मुरलेले असते. तो एकदम तापला की आतल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो आणि कपच्या दूरवर उडतात. बांधावरचे, उन्हात पडलेले दगड घ्यावेत.

आता जळण किती लागेल ते पाहू. उदाहरणार्थ दूध घ्या. तीस माणसांना पेलाभर द्यायचे तर ८ लिटर दूध आटवून ६ लिटर करावे लागेल. ८ लिटर दूध २५ अंशांवरून उकळीला आणण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी आणि त्यातले २ लिटर पाणी वाफ करून उडवण्यास सुमारे १,०८० किलोकॅलरी, म्हणजे एकूण १,७०० च्या आसपास. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून ३,५०० किलोकॅलरी मिळतात असे धरले तरी उघड्या चुलीवर त्यातला जेमतेम दहावा भाग पातेल्यात जातो. तेव्हा एकट्या दुधाला पाच किलो लाकूड हवे. आमटी, भाकरी, आर आणि सुरुवातीचा अर्धा तास धरून २५ किलो लागेल, आपण ४० किलो कोरडे जळण जवळ ठेवावे.

हेच लाकूड ओले असेल तर काय होते, तेही ध्यानात घ्यावे. निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडात मुळात अर्धा किलोच लाकूड असते, आणि उरलेले अर्धा किलो पाणी उडवण्यातच ३०० च्या वर किलोकॅलरी जातात. त्याहून वाईट म्हणजे विस्तवाचे तापमान खाली राहते, लाकडातून सुटणारे वायू पुरते जळत नाहीत आणि ते धुराच्या रूपाने बाहेर पडतात. डोळ्यांत जातो तो धूर म्हणजे न जळलेले जळणच होय. त्यामुळे फुंकणीने कितीही फुंकले तरी ओल्या लाकडाचा धूर जात नाही. कोरडे, बारीक फोडलेले लाकूड थोडे थोडे सारणे हाच त्यावर उपाय.

उत्तर – सीनाकाठ

मास्तरांचे चराबाबतचे म्हणणे मान्य. आमचे रान हलके आणि मुरमाड असल्याने आम्हांला ती अडचण येत नाही, काळ्या रानात विटांची चूलच बरी. भेगांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याकडे दुर्लक्ष करू नका.

उत्तर – माळरान

स्वयंपाकाविषयी माझ्यापेक्षा जाणती माणसे येथे बोलली आहेत, मी आगीविषयी लिहितो. आपल्या वर्णनात सोयाबीनची गंज आहे. तिचे अंतर आणि दिशा दोन्ही पाहावीत. वारा पूर्वेचा असेल तर ठिणग्या पश्चिमेला जातील, तेव्हा चुलीच्या पश्चिमेला गंज, कडबा, वाळलेले गवत किंवा शेजाऱ्याचा उभा ऊस नसावा. ऊस असेल तर विशेष जपावे, कारण तळाशी वाळलेले पाचट असते आणि एकदा ते पेटले की दोन बादल्यांनी काही होत नाही. चुलीभोवती चहूबाजूंनी किमान दहा फूट गवत खुरप्याने काढून जमीन उघडी करावी. पाण्याने भरलेल्या बादल्या, पाण्यात भिजवलेली दोन गोणपाटे आणि एक फावडे हाताशी ठेवावे. विहीर जवळ आहे म्हणून विसंबू नका, संध्याकाळी वीज असेलच असे नाही आणि मोटार चालू करून पाणी येईपर्यंत थांबण्याइतकी सवड आग देत नाही.

जेवणे झाल्यावर विस्तवावर नुसती माती लोटू नये. मातीखाली निखारे रात्रभर जिवंत राहतात, आणि सकाळी अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या पायाला तेच बाधतात. पाणी शिंपडावे, काठीने उलथापालथ करावी, पुन्हा पाणी घालावे, आणि राखेवर हाताचा पालथा पंजा धरून ऊब लागत नाही याची खात्री झाल्यावरच तेथून हलावे.

कार्तिकात रात्री गारठा पडतो. पाहुणे शेतावरच्या खोलीत झोपणार असतील तर निखाऱ्यांचे घमेले ऊब म्हणून आत नेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत झोपेतल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही. कोळशाच्या शेगडीलाही हेच लागू आहे.

चुलीजवळ बसणाऱ्यांनी सुती कपडे घालावेत, ओढणी आणि पदर खोचून घ्यावा. कोणी भाजलेच तर जखमेवर हळद, तेल किंवा टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे आणि भाजणे मोठे असेल तर दवाखाना गाठावा.

शेवटची गोष्ट ज्यांचे स्वतःचे शेत नाही त्यांच्यासाठी, कारण हा धागा वाचून पुष्कळांना हुरूप येईल. उत्तर सोलापूर तालुक्यातले नान्नजचे माळरान कार्तिकात पाहायला सुंदर असते आणि तेथे चूल मांडावी असे वाटणे स्वाभाविक आहे. ते माळढोकासाठी १९७९ साली घोषित झालेल्या अभयारण्यात येते, आणि अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवण्यास किंवा जळता सोडण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी या दिवसांत ते गवत म्हणजे नुसते पेटवण आहे, आणि काळवीट, खोकड, लांडगा व जमिनीवर राहणारे पक्षी यांना त्यातून पळायला जागा मिळत नाही. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या खळ्यावर चूल मांडावी.

प्रश्नकर्ता – होटगीरोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विटांची चूल, मुरमाड जागा आणि साडेचारची वेळ पक्की केली. गंज चुलीच्या नेमकी पश्चिमेला येते आहे, म्हणून चूल विहिरीच्या दुसऱ्या अंगाला नेतो. बाभळीची एक फांदी आज फोडून पाहिली, आतून स्पष्ट गार लागली. सगळ्या फोडून पत्र्यावर टाकायला सांगितल्या आहेत, आणि त्या वेळेत वाळल्या नाहीत तर वखारीतून कोरडे लाकूड आणू.

चुलीपाशी ताई, दोन गोष्टी राहिल्या. दुधाला धुराचा वास लागू नये म्हणून काय करावे? आणि शेंगा नेमक्या कशा भाजाव्यात? मुलांना त्यांचेच सर्वांत अप्रूप आहे.

उत्तर – चुलीपाशी

शेंगांचे सोपे आहे. ताज्या उपटलेल्या शेंगा धुऊन माती काढावी आणि पाणी निथळू द्यावे. आराच्या कडेची गरम राख पसरून तिच्यात शेंगा मिसळाव्यात, वर थोडे विझत आलेले निखारे टाकावेत आणि काठीने सारख्या हलवत राहावे. आठ-दहा मिनिटांनी एक फोडून पाहावी. ओल्या शेंगेचा दाणा आतल्या वाफेवर शिजतो, तो मऊसर असतानाच खायचा असतो, कडक होण्याची वाट पाहू नये. मुले आराजवळ गर्दी करतील, तेव्हा हलवायची काठी एकाच मोठ्या माणसाच्या हाती असू द्यावी.

दूध सर्वांत शेवटी, भाकरीचा तवा उतरल्यावर चढवावे. तोवर चुलीत धूर सोडणारे कच्चे लाकूड उरलेले नसते, नुसता लालभडक विस्तव असतो. धूर येतो तो नवे लाकूड सारताना, म्हणून दूध चुलीवर असताना नवे लाकूड न घालता शेजारच्या आरातले पेटते निखारे फावड्याने आणून घालत जावे. मास्तरांच्या हिशेबाचे पाच किलो लाकूड अशा रीतीने आधीच जाळून, निखारा करून ठेवावे लागेल. त्यात बरीचशी धग आधीच निघून जाते, तेव्हा पाचाऐवजी दहा किलो जाळलेले बरे. गोवऱ्या दुधाखाली चांगल्या, पण त्याही आधी बाजूला पेटवून, धूर पुरता गेल्यावर आत सराव्यात.

पातेले जाड बुडाचे घ्यावे आणि दूध ओतण्यापूर्वी आतून पाण्याने विसळून पाणी पुसू नये, त्या ओलसर बुडाला दूध लवकर धरत नाही. उकळी येईपर्यंत उलथन्याने तळ खरवडत राहावे. वर घट्ट झाकण नको, ऊतू जाईल. वाऱ्याबरोबर राख उडत असेल तर पातळ ओले फडके काठांवर ताणून बांधावे आणि ढवळण्यापुरती एक बाजू मोकळी ठेवावी. साखर आटवून झाल्यावरच घालावी, आधी घातली तर बुडाला लागून करपते आणि तो करपट वास धुरापेक्षा वाईट असतो. वेलदोडा, जायफळ, बदाम-पिस्त्याची भरड आणि भिजवलेले केशर पातेले उतरवल्यावर घालावे.

दूध चढवतानाच शेजारच्या आराच्या राखेत रताळी पुरून ठेवावीत. मध्यम आकाराच्या रताळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि सुरी सहज आरपार गेली की ती काढून मगच माळरान यांनी सांगितल्याप्रमाणे विस्तवावर पाणी घालावे.